एका शिक्षकाला एकही तास नाही

शाळेच्या कार्यालयाला लागून एक अरुंद खोली होती. पूर्वी तिथे जुने नकाशे आणि आस मोडलेले पृथ्वीगोल ठेवायचे. आता तिथे शाळेतला एकुलता एक धड चालणारा संगणक होता, आणि वर्षातून तीन आठवडे त्या संगणकापुढे भूमितीचे सर असायचे. मुलं त्यांना काटकोन म्हणायची. सर उभे राहिले की खरोखरच नव्वद अंशांत उभे राहत, आणि बसले तरी त्यांची पाठ कधी खुर्चीला टेकत नसे. आपल्याला हे नाव पडलंय, हे सरांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. संस्कृतच्या सरांना मुलं काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सव्वीस वर्षं शाळेचं वेळापत्रक काटकोन सरच करत आले होते. आधी पुठ्ठ्याच्या रंगीत चिठ्ठ्या असायच्या. प्रत्येक शिक्षकाचा रंग वेगळा. जमिनीवर सतरंजी अंथरून सर त्या चिठ्ठ्या मांडत, उचलत, पुन्हा मांडत. कुणाला सलग चार तास येऊ नयेत, कवायत आणि गणित पाठोपाठ येऊ नयेत, प्रयोगशाळेत दोन वर्ग एकदम घुसू नयेत, असली शंभर पथ्यं. शिवाय सरांनी स्वतःवर घालून घेतलेला एक नियम होता. वेळापत्रक करणाऱ्याने आपले तास सगळ्यांत शेवटी घ्यायचे. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात जे उरेल ते आपलं. हा नियम त्यांनी सव्वीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता, आणि मोडला नाही हे सांगायची एकही संधी सोडली नव्हती.

मग चार वर्षांपूर्वी संस्थेने वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. विकत घेतलं, हे लक्षात असू द्या. फुकटात मिळालेल्या वस्तूने मध्येमध्ये तोंड घातलं तर माणूस समजून घेतो. पण हे दरवर्षी रीतसर पैसे मोजून घेतलेलं, आणि तरी दर अकरा मिनिटांनी पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडून दम द्यायचं. अकरा मिनिटं, हे सरांनी घड्याळ लावून काढलं होतं. ‘प्रिय मूल्यवान वापरकर्ता, आपला परवाना लवकरच कालबाह्य होत आहे.’ ‘प्रिय मूल्यवान वापरकर्ता, आमची नवी आवृत्ती आपली वाट पाहत आहे.’ ‘आपण आमच्यावर किती खूश आहात? कृपया तारे द्या.’ ‘आपण बराच वेळ बसून आहात. थोडे पाणी प्या.’ चौकटीखाली ठसठशीत निळं बटण, ‘ठीक आहे’. ते दाबल्याशिवाय चौकट जागची हलायची नाही.

पहिल्या वर्षी सरांनी प्रत्येक चौकट वाचली. काही तर वहीत उतरवूनही घेतल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी कंपनीला फोन लावला, तर पलीकडून एका गोड आवाजाने सांगितलं की, तुमची तक्रार आमच्यासाठी मूल्यवान आहे. मूल्यवान हा शब्द ऐकताच सरांनी फोन ठेवला. तिसऱ्या वर्षी ते त्या चौकटींना पाहुणे म्हणायला लागले. चौथ्या वर्षी त्यांनी पाहुण्यांकडे बघणंच सोडून दिलं. पाहुणा आला की उजव्या हाताची करंगळी आपली आपण बटण दाबून मोकळी व्हायची. सरांची नजर तोपर्यंत पुढच्या वर्गावर गेलेली असायची.

“काय सर, आज किती पाहुणे झाले?” शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी विचारायचं.

“चौतीस. आणि एकानेही येताना काही आणलं नाही.”

सगळे हसायचे. हसायची नाही ती एक सरांची बायको. ती औषधाच्या दुकानात कामाला होती. दिवसभर मुंगीएवढी अक्षरं वाचून लोकांना समजावून सांगायची, ही गोळी जेवणाआधी, ही जेवणानंतर, ही घेऊन गाडी चालवू नका.

“अहो, त्या चौकटीत लिहिलेलं असतं तरी काय?” तिने एकदा जेवताना विचारलं.

“काही नसतं.”

“वाचता का?”

“वाचण्यासारखं असेल तर वाचीन ना.”

“न वाचताच कसं कळतं तुम्हाला, वाचण्यासारखं नाही ते?”

सरांनी ताटातून मान वर केली नाही. “हो, हो,” म्हणाले आणि पोळी मागितली. बायकोने पोळी वाढली, पण जरा आपटूनच.

यंदा मात्र वेळापत्रकाला वेगळाच रंग चढला. शाळेत मुलं कमी झाली होती आणि आठवीची एक तुकडी बंद झाली. सुट्टी संपायला तीन आठवडे उरले असताना मुख्याध्यापिकांनी सरांना बोलावून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

“सर, एक जागा कमी करायची आहे. संस्थेचा नियम सरळ आहे. नव्या वेळापत्रकात ज्याचे तास सगळ्यांत कमी, त्याचं नाव जाणार.”

“माणूस कायम असला तरी?”

“कायम असला तर पुस्तक भांडारात. कायम नसला तर घरी.”

पुस्तक भांडार म्हणजे संस्थेचं तळघर, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जास्त झालेले शिक्षक तिथे पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे बांधायचे आणि मोजायचे. पगार तोच, सुट्ट्या त्याच, फक्त समोर मूल कधी दिसायचं नाही. तिथून परत शाळेत आलेला माणूस अजून कुणी पाहिला नव्हता.

सगळ्यांत कमी तास कुणाचे, हे सरांना कागद न बघताच माहीत होतं. चित्रकलेच्या बाई. चार वर्षं झाली तरी अजून कायम नाहीत. आठवड्याला जेमतेम अकरा तास, आणि घर त्यांच्या एकटीच्या जिवावर. बोलायला मवाळ. रंगाचे डाग पडलेल्या ओढणीने तोंडावरचा घाम पुसायच्या आणि गालावर निळा पट्टा घेऊन दिवसभर वावरायच्या. सरांना त्यांची दया आली. दयेच्या मागोमाग थोडी ऐटही आली, कारण हे प्रकरण संस्था, नियम, मुख्याध्यापिका या सगळ्यांच्या हातातून फिरून शेवटी आपल्याच हातात आलेलं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी एक शक्कल काढली. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे ‘हे विषयही चालतील’ अशी एक यादी असते. बाईंच्या नावापुढे सरांनी सुलेखनावर खूण केली, हस्तकलेवर केली, आणि थोडा विचार करून भूमितीवरही केली. बाई कंपास हातात धरायच्या ते बघण्यासारखं असायचं. सहावीचे दोन-तीन तास त्यांना दिले की त्या संस्कृतच्या सरांच्या पुढे जातात आणि संस्कृतचे सर भांडारात. सरांना त्यात काही फार वाईट दिसेना.

आता इथे जरा नीट लक्ष द्या, कारण सगळी गंमत इथेच आहे. आपले तास शेवटी घ्यायचे हा नियम सरांनी यंत्रातही आणला होता. दरवर्षी ते स्वतःच्या नावापुढे ‘जास्तीत जास्त तास’ या घरात शून्य टाकत, म्हणजे यंत्र त्यांना हात लावत नसे. भूमिती शिकवणारं दुसरं कुणी नसल्यामुळे भूमितीचे अठरा तास रिकामे राहत. मग सर शेवटी एकेका रिकाम्या घरात, हाताने, स्वतःचं नाव भरत. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. यंदा फरक एवढाच होता की भूमिती चालणारं आणखी एक माणूस यादीत होतं.

वेळापत्रक शुक्रवारी चारपर्यंत संस्थेला हवं होतं. साडेतीनला सरांनी सगळी माहिती पुन्हा एकदा तपासली, शून्य टाकलं आणि ‘जुळवा’ दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं. सरांनी डाव्या हातात चहाचा कप घेतला.

जुळवणी चालू असली की पाहुणे अकरा मिनिटंही थांबत नसत, एकापाठोपाठ एक आले. एक, परवान्याचा. करंगळी. दोन, ताऱ्यांचा. करंगळी. तीन, पाण्याचा. चहाचा घोट, करंगळी. चार, नव्या आवृत्तीचा. करंगळी. पाच. करंगळी.

आणि एकदम पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला. ‘अभिनंदन! आपले वेळापत्रक संस्थेकडे पोहोचले आहे.’ अभिनंदन मात्र सरांनी वाचलं. ते कोण वाचत नाही?

मग त्यांनी कप खाली ठेवला. पोहोचलं? आपल्याला तर अजून आपले तास भरायचे आहेत. चार वर्षांत यंत्राने कधी आपल्या मनाने काही पाठवलं नव्हतं. पाठवणार कसं, दरवर्षी अठरा घरं रिकामी असायची. यंदा एकही घर रिकामं नव्हतं. भूमितीच्या अठराही तासांवर चित्रकलेच्या बाईंचं नाव होतं. संस्कृतचे सर आपल्या जागी सुखरूप होते. आणि यादीच्या तळाशी, काटकोन सरांच्या नावापुढे, सोमवारपासून शनिवारपर्यंत पांढरीशुभ्र ओळ होती.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते यंत्रात झालेल्या कामाची नोंद शोधायला लागले. ती सापडली. तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी यंत्राने विचारलं होतं, ‘एका शिक्षकाला एकही तास नाही. तरीही पाठवायचे का?’ निळं बटण, ‘ठीक आहे’. त्याच्या बाजूला राखाडी अक्षरांत, ‘थांबा’. तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांनीच वापरकर्त्याने ‘ठीक आहे’ म्हटलं होतं. मधे एक सेकंदही गेला नव्हता.

त्यांनी घाईघाईने आपल्या ओळीत नाव भरायला घेतलं. पाहुणा आला. हा सरांनी वाचला, अगदी दोनदा वाचला. परवाना आज संपला होता. वेळापत्रक बघता येईल, बदलता येणार नाही. नूतनीकरणासाठी संस्थेची मंजुरी लागेल, साधारण एक आठवडा. बारा दिवस आपण आपणांस सूचित करत होतो, असंही खाली लिहिलं होतं. त्या वाक्यातली चूक सरांच्या लक्षात आली, पण ती दाखवायची कुणाला?

ते तसेच मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले, तर त्या दारातच उभ्या होत्या. डोळे ओलावलेले.

“सर, आत्ताच संस्थेतून फोन आला होता. सचिव स्वतः बोलले. असा माणूस आम्ही पाहिला नाही, म्हणाले.”

“नाही मॅडम, ते...”

“काही बोलू नका. सव्वीस वर्षं नोकरी झालेला माणूस एका कच्च्या नोकरीवालीसाठी स्वतःच्या नावापुढे शून्य टाकतो! मला तर शब्दच सुचत नाहीत.”

शब्द सरांनाही सुचत नव्हते, पण कारण वेगळं होतं. तेवढ्यात मागून चित्रकलेच्या बाई आल्या. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं. त्या नुसत्या रडल्या. मग शिक्षकांच्या खोलीतून सगळेच आले. कुणी हात दाबला, कुणी पाठीवरून हात फिरवला. संस्कृतच्या सरांनी तर खाली वाकून नमस्कारच केला, आणि त्यांनी तो का केला हे फक्त काटकोन सरांना कळलं.

माणसाने अशा वेळी खरं सांगावं. पण सांगणं सोपं नव्हतं. आपण मोठ्या मनाने नाही, करंगळीने हे केलं, असं भरल्या खोलीत कोण म्हणेल? सर म्हणाले, “असू दे, असू दे.” आणि लोकांना ते जास्तच भावलं.

खरं त्यांनी दोघींना सांगितलं. एक बायकोला. ती आधी पदर तोंडाला लावून पोट धरून हसली, मग हसू आवरून तिने विचारलं.

“म्हणजे आता भांडारात?”

“मुळीच नाही. आठवड्याने परवाना येईल. मी दुरुस्त करीन.”

“आणि त्या बाई?”

“त्यांना सहावीचे तीन तास देईन, आधी ठरवल्याप्रमाणे.”

“अहो, सगळे तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचतायत आणि तुम्ही गुपचूप दुरुस्ती करणार?”

“सव्वीस वर्षं शिकवलंय मी. गठ्ठे बांधायला नाही जाणार.” बायकोने मग पुढे विचारलं नाही. फळा नसलेल्या खोलीत हा माणूस कसा दिसेल, ते तिलाही डोळ्यांसमोर आणवत नव्हतं.

दुसऱ्यांदा खरं सांगितलं ते मुख्याध्यापिकांना, सोमवारी, शाळा सुरू व्हायच्या आधी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरचा आदर एकेक पायरी खाली उतरत गेलेला सरांना दिसला.

“चुकून?” त्या म्हणाल्या.

“चुकून.”

“बरं. अंतिम कागदावर माझी सही शुक्रवारी व्हायची आहे. तोपर्यंत परवाना आला तर बदलून आणा. पण सर, सहावीचे तीन तास म्हणू नका. आठवीची तुकडी बंद झाल्यावर चित्रकलेचेही तास कमी झालेत. मी मोजलंय, तीन तास देऊनही बाईच शेवटच्या राहतात. त्यामुळे तुम्ही किंवा त्या. आणि त्या असल्या, तर सांगायचं तुम्ही.”

तो आठवडा सरांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. पहिली घंटा झाली की ते सवयीने उठायचे, खडू घ्यायचे आणि मग परत बसायचे. बाकीचे शिक्षक त्यांच्याकडे देवमाणसाकडे बघावं तसे बघायचे आणि आपल्या वर्गावर निघून जायचे. देवमाणूस रिकाम्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसायचा. मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या बाई डबा न उघडता वही घेऊन यायच्या.

“सर, समांतर रेषांचं उद्या आहे. तुम्ही कसं शिकवता?”

सर सांगायचे. आधी नाइलाजाने, मग रंगात येऊन. बाई सगळं उतरवून घ्यायच्या आणि भलतंच काहीतरी विचारायच्या. “पण सर, ह्यात मुलांना कळत नाही ते नेमकं कुठे?”

“कळतं सगळ्यांना. सोपं आहे.”

“मला नाही कळलं पहिल्यांदा,” बाई म्हणायच्या आणि खालमानेने लिहीत राहायच्या.

एकदा सर नववीच्या वर्गावरून उगाचच गेले. आत गोंगाट होता. बाईंनी बाकांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणली होती आणि मुलं त्या सुतळीवरून वाद घालत होती. सरांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येत असे. शिस्त गेली, सरांनी मनात म्हटलं, आणि त्यांना जरा बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी परवाना आला. सर अरुंद खोलीत बसले आणि अर्ध्या तासात सगळं जागेवर आणलं. भूमितीचे पंधरा तास त्यांचे, तीन बाईंचे. यंत्राने मधे मधे काय काय विचारलं ते त्यांनी शब्दन्‌ शब्द वाचून मगच उत्तर दिलं. वेळापत्रक छापून घेतलं. जुनंही छापून घेतलं, तुलनेसाठी. बाईंना काय सांगायचं ते मनात जुळवत बसले होते, तेवढ्यात शिपाई आला. बाईंच्या मुलीला ताप होता, त्यांना यायला उशीर होणार होता. नववीवर कुणी जाईल का?

कुणी जाईल का! सर पायऱ्या दोन-दोन करत चढले.

वर्ग उभा राहिला, बसला. टाचणी शांतता. सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर एका दमात वर्तुळ काढलं. कंपासची गरज त्यांना कधी पडली नाही. त्या दिवशी त्यांनी जे शिकवलं ते सव्वीस वर्षांत शिकवलं नसेल. स्पर्शिका, त्रिज्या, काटकोन, सिद्धता, सगळं पायरी-पायरीने, एकही शब्द जास्त नाही. शेवटची ओळ लिहून ते वर्गाकडे वळले. मन भरून आलं होतं.

“समजलं?”

“होऽऽ सर!”

अख्ख्या वर्गाने एका सुरात म्हटलं. आणि सर थबकले. ते ‘हो’ प्रश्न संपायच्या आत आलं होतं. ‘समज’ झालं होतं, ‘लं’ अजून तोंडात होतं.

“मी आत्ता काय शिकवलं?” त्यांनी विचारलं.

चाळीस चेहरे शांतपणे त्यांच्याकडे बघत होते. नजर कशाचीच नव्हती, ना भीतीची, ना खोडीची. मुलं नुसती थांबली होती.

“तू सांग.” सरांनी दुसऱ्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीला उभं केलं. हुशार मुलगी, दरवर्षी पहिल्या पाचांत. “हो म्हणालीस ना? काय समजलं?”

ती फळ्याकडे बघत राहिली. “नाही समजलं, सर.”

“मग हो का म्हणालीस?”

मुलीने इकडेतिकडे पाहिलं. खोटं बोलायचं तिला सुचलं नसावं. “हो म्हटलं की तुम्ही पुढे जाता, सर.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर तुम्ही परत तेच सांगता. जरा मोठ्याने.”

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“कधीपासून चाललंय हे?”

“पाचवीपासून, सर,” मुलगी म्हणाली. मग तिला वाटलं, सरांना वाईट वाटलं असेल. ती घाईने म्हणाली, “पण बाईंच्या तासाला आम्ही असं ‘हो’ नाही म्हणत. बाई विचारत बसतात, कुठपर्यंत कळलं म्हणून. हो म्हणून सुटताच येत नाही.”

सरांनी खडू खाली ठेवला. सव्वीस वर्षं गुणिले दिवसाला तीन वर्ग, इतके ‘हो’ त्यांनी घेतले होते. एकेक ‘हो’ घेऊन ते समाधानाने पुढच्या प्रमेयाकडे गेले होते. मुलांचा राग त्यांना करता येईना. मुलांनी काय केलं होतं? काम चालू असताना मध्ये येणारा एक माणूस बाजूला सारला होता, एवढंच. उरलेली वीस मिनिटं ते फळ्याजवळच्या बाकावर मुलांशेजारी बसले आणि कुठे अडलं ते विचारत राहिले. तीन जणांनी सांगितलं. त्यातल्या दोघांची अडचण त्यांना समजलीच नाही.

घंटा झाल्यावर ते खाली आले. खोलीत दोन्ही कागद शेजारी शेजारी पडले होते. सर बराच वेळ बघत राहिले. त्या वेळी त्यांच्या मनात फक्त मुलांचं भलं होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. संस्कृतच्या सरांचा नमस्कारही होता, सचिवांचा फोनही होता. तळघरातल्या गठ्ठ्यांची धास्ती तर होतीच. आणि आपण चांगले शिक्षक नव्हतो की काय, ही एक नवीनच धास्ती तिच्या शेजारी येऊन बसली होती. शेवटी त्यांनी एक कागद उचलला आणि मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले.

त्या फोनवर होत्या. सरांना बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, हात पुढे केला, कागद घेतला, टेबलावर ठेवला आणि न बघता पेन उघडलं.

“मॅडम, वाचून घ्या.”

“हो, हो.” त्यांनी फोनवर हात ठेवला. “काय आहे ते माहीत आहे मला. ठीक आहे. बाईंना मात्र आजच सांगा.”

“वाचून घ्या.”

“सर, मी सचिवांशी बोलतेय.”

सर टेबलासमोरून हलले नाहीत. नव्वद अंशांत उभे राहिले. मुख्याध्यापिकांनी दोनदा मान हलवून त्यांना जायला सांगितलं, एकदा डोळे वटारले. मग पलीकडच्या माणसाला “एक मिनिट हं” म्हणून त्यांनी चिडूनच कागद जवळ ओढला. वरून खाली नजर टाकली आणि तळाशी थांबली. तिथे ओळ पांढरी होती.

त्यांनी फोन ठेवून दिला.

“हे जुनं आहे. चुकून जुनं आणलंत.”

“नाही.”

बाहेरच्या मैदानात पाचवीची कवायत चालली होती. मुख्याध्यापिका सरांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आठवड्याभरात पहिल्यांदा नीट बघत होत्या.

“नक्की?” त्यांनी विचारलं.

सरांनी प्रश्न शेवटपर्यंत ऐकला. मग त्यावर विचार केला. इतका वेळ केला की मुख्याध्यापिकांनी पेन खाली ठेवलं.

“नक्की नाही,” सर म्हणाले. “पण सही करा.”